सात बरगड्या

धुतलेल्या चादरी द्यायला म्हणून मी दुपारी पुरुषांच्या वॉर्डात गेले. एवढंच काम. पंचावन्न सालचा उन्हाळा. कोल्हापुरातल्या आमच्या टीबीच्या दवाखान्यात दोन ते चार शांततेचा तास असायचा. घंटा झाली की कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, खोकलासुद्धा दाबून धरायचा. वीस खाटा, फिनेलचा वास, आणि आवाज काय तो वाळ्याच्या पडद्यावरून पाणी ठिबकल्याचा.

मी विठाबाई, तिथली आया. चौथी शिकलेली, खाटेवरचा तक्ता वाचता येतो. नऊ नंबरचा तक्ता वाचला आणि डोकं सणकलं. बाबासो, मुक्काम शिरोळ. उद्या बरगड्यांचं ऑपरेशन.

हाच तो! चार वर्षांमागं बायकोला, अंजनाला, आमच्या बायकांच्या वॉर्डात आणून टाकणारा. तेव्हा तिच्यापेक्षा हाच जास्त खोकत होता. मी म्हटलं, "पावणं, छातीचा फोटो तुमचाबी काढून घ्या की." तर म्हणतो, "मला काय धाड भरलीया? रोग हिच्या माहेरचा हाय."

रोग याचा आणि बरगड्या कापल्या तिच्या. फुप्फुसातलं भोक दबून बुजावं म्हणून पाठीकडून बरगड्या काढायचे. एकदा चार, महिन्यानं आणखी तीन. पाठ सुयांनी बधिर करायची, बाई मात्र जागी. आपलंच हाड कटाककन तुटताना ऐकायचं. माझा हात तिनं असा आवळला की बांगडी पिचली. "अक्का, बरं वाटलं की घरला न्हेतो म्हणालेत," एवढंच घोकत होती.

काढलेली हाडं टाकायचं काम माझं. ती म्हणाली, "टाकू नका अक्का. माझी हायत ती. मेल्यावर माझ्यासंगं घाला. अर्धी जाळू नका मला." तिच्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात सातही बांधली आणि मागच्या जांभळीखाली पुरून वर दगड ठेवला.

बरी झाली की हो! थुंकी साफ. हा न्यायला आला. तिचा एक खांदा उतरलेला, छाती आत गेलेली. दारातनंच म्हणाला, "हे वाकडं खोड घिऊन काय करू? मळ्यात बुजगावणं म्हणून उभं करू?" आला तसा गेला. दुसरी आधीच ठरवून ठेवली होती मेल्यानं, ते मागनं कळलं.

अंजनानं अन्न सोडलं. आठव्या दिवशी, असल्याच दुपारी, तिनं मला हात केला. काहीतरी सांगायचं होतं. मी ओठावर बोट ठेवलं. गप, शांततेचा तास हाय. तिनं मान हलवली आणि गप झाली. चारच्या घंटेला बघते तर गार.

शिरोळला निरोप धाडला. याचा उलटा निरोप, तिकडंच उरका. आमच्या वॉर्डबॉय आकारामनं गाडा ढकलत पंचगंगेच्या घाटावर नेली. त्या गडबडीत ते गाठोडं द्यायचं मी विसरले. शेवटी अर्धीच जाळली तिला.

बाबासोनं डोळे उघडले. मला ओळखलं नाही. कशाला ओळखतोय!

"बाई..." घशातल्या घशात बोलला, "दुपारची कोण बसती माझ्या पाठीमागं?"

"कोण न्हाय. पडा गप."

"बसती की. बोटानं बरगड्या मोजती... सातपतोर. मग परत पयल्यापासनं... काय पायजे तिला?"

"तिला पायजे हुतं तवा इचारलंसा काय?"

"कुणाला?"

बघा! कुणाला म्हणतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार, तेवढ्यात ऐकू आलं. सुक्या हाडावर नख वाजवावं तसं. टक्... टक्... तो कुशीवर वळलेला, पाठ माझ्याकडं. दर आवाजासरशी पाठीवरचा सदरा बोटाएवढा आत दबत होता. बोट मात्र नव्हतं. सातव्याला थांबलं. मग तो "हं..." करून कण्हला, काटा उपसल्यावर माणूस कण्हतं तसा.

चादरी तिथंच टाकून मी जांभळीकडं पळाले. दगड होता तसा. माती घट्ट, वर हरळी माजलेली. खुरप्यानं उकरलं. गाठ माझ्याच हातची. सोडली. सात हाडं, पिवळी, वाळलेली. आणि आठवं. जाड, ओलं. अजून कोमट होतं.

असला नवरा मेला तर मी गूळ वाटेन. पण सांगायचं राहिलं हे पाप पुन्हा माझ्या माथी नको, म्हणून तशीच मातीच्या हातांनी डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"काय विठाबाई?" डॉक्टर म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि ओठावर बोट टेकलं. गार. जांभळीखालच्या मातीचा वास आला. माझे दोन्ही हात खाली, पदरात होते. मी नुसती मान हलवली.

चारची घंटा झाली तेव्हा ते बोट निघालं. आता सांगता आलं असतं. पण मी चादरी उचलायला वॉर्डात गेले.

तो भिंतीला टेकून बसला होता. एक खांदा उतरलेला. त्याचं त्याला कळलं नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "उद्याबी ती..."

शांततेचा तास संपला होता, तरी मी ओठावर बोट ठेवलं. माझं बोट इतकं गार कधीच नव्हतं.