पाळीच्या टाकीतला ‘पुरो’

खोटं बोलत असेन तर नार्व्याचा सप्तकोटेश्वर मला बघून घेईल. गोवा राज्य झालं ते वर्ष. गाव पाळी, वेळ तिन्हीसांजेची.

मी वत्सला. माझा नवरा सखाराम. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. पाळीला एका शेटनं खाणीजवळच्या छपरात सोनं काढायचा प्रयोग मांडला होता. तिथल्या दगडातलं सोनं सहजी सुटत नाही. तो दळून, पाण्यात कालवून, त्यात ऑक्सिजन सोडावा लागतो. सिलिंडर महाग, म्हणून ऑक्सिजन उडून जाऊ नये यासाठी शेटनं टाकीवर झाकण बसवलं.

पण मेला तो दगडच हवा खातो! झाकणाखाली माणसाच्या श्वासाला काही उरत नाही.

सखाराम तिथंच कामाला. गाळ काढायला तो तोंडाला ऑक्सिजनची नळी लावून आत उतरला. बाहेर सिलिंडरवर गोकुळदास. पाळीचाच. मला वयनी म्हणायचा, आमच्याकडे जेवायचा.

आतून सखाराम ओरडला, "पुरो!"

गोकुळदासानं सिलिंडर बंद केला.

आमच्याकडे पुरो म्हणजे पूर्ण, चावी पूर्ण सोड. गोव्यात पुरो म्हणजे बस झालं. सखाराम आतच गुदमरून गेला.

"वयनी, म्हाका वेगळेंच समजलें गो!" पाय धरून रडला. मीही मानलं. भाषेची चूक, दोष कुणाला देणार?

दिवसकार्य झाल्यावर मी सखारामचे कपडे आणायला गेले. गोकुळदास सोबत होता. टाकी रिकामी. कोपऱ्यात एकच सिलिंडर, तोही संपलेला.

आणि... स्स्स... नळीतून हवा सुटल्यासारखं...

मग तेही थांबलं.

बाहेरचे रातकिडेही गप्प झाले.

टाकीतून आवाज आला...

"पुरो..."

बाई गं! गोकुळदास धावला. सिलिंडरला भिडला आणि चावी पिळून पिळून उघडायला लागला.

"सोडटां रे सख्या, पुरो सोडटां!"

मी बघतच राहिले. म्हणजे याला सखारामचा ‘पुरो’ कळत होता. त्या दिवशीही कळला होता!

"मेल्या, मग तेव्हा बंद का केलास?"

"शेट सांगतालो, ऑक्सिजन वाचय... म्हाका दिसलें, इल्लो वेळ कळ काडटलो तो."

इल्लो वेळ! शेटचा ऑक्सिजन वाचावा म्हणून माझ्या माणसानं थोडा वेळ कळ काढायची होती, श्वासाशिवाय!

रिकाम्या टाकीत कुणीतरी लांब श्वास घेतला... सोडला... मग काहीच नाही.

लोक विचारतात, भ्यालीस का? माझ्याच माणसाला कशाला भिऊ? पण आतडं पिळतं ते वेगळ्याच गोष्टीनं. मी तिथंच उभी होते. तरी त्यानं मला हाक मारली नाही. मेल्यावरही श्वास मागितला तो गोकुळदासाकडेच.