अरुंद चाकांची गाडी

वाऱ्याने तिच्या हातातला लाल लोकरीचा गुंडा हिसकावला आणि थेट शेजारच्या गॅरेजात नेऊन टाकला. ती मागोमाग धावली.

आत एक लांब नाकाची, जुन्या काळातली शर्यतीची गाडी उभी होती. एक मेकॅनिक तिच्यावर ओणवा झाला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले.

“शू...! दुसरा सिलिंडर काहीतरी सांगतोय,” तो म्हणाला.

“काय सांगतोय?”

“शेजारीण आलीय म्हणतोय.” त्याने डोळे उघडले आणि पायाजवळचा गुंडा उचलून दिला. “स्वेटर विणताय की काय इथे?”

ती विणत नव्हती. गाडीभोवतीची हवा अभ्यासणं हे तिचं काम. गाडीच्या अंगावर लोकरीचे बोटभर धागे चिकटवायचे आणि गाडी पळवायची. हवा अंगाला धरून वाहते तिथे धागे गुमान झोपतात, ती सुटते तिथे थयथयाट करतात. म्हणून तिच्या चमूत तिला सगळे लोकरवाली म्हणत. मोजून दाखवल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नसे, आणि त्या क्षणी आपल्या छातीत जे धडधडलं ते इंजिनामुळेच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

रविवारी इथल्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची फेरी होती आणि त्यानंतर तिच्या चमूची शर्यत. शर्यत संपली की तिच्या चमूचा ट्रक निघणार होता, परत इथे येणं आठ महिन्यांनी. म्हणजे हातात तीन दिवस. त्या तीन दिवसांत तिला शेजारच्या गॅरेजात हजार कामं निघाली.

“सहाशे घोड्यांची ताकद आहे हिची,” तो गाडीच्या नाकावरून हात फिरवत म्हणायचा. “बाबांनी पळवलीय तरुणपणी, रविवारी मी पळवणार. तुमच्या गाडीत निम्मे तरी घोडे आहेत का?”

“निम्मेच आहेत. पण माझ्या गाडीचा पंख हवेच्या जोरावर तिला जमिनीवर दाबून धरतो. रुंद, चिकट टायर रस्ता सोडत नाहीत. तुमचे सहाशे घोडे वळणावर पेंड खातात, त्याचं काय?”

“सरळ रस्त्यावर भेटा मग!”

“वळणावर वाट बघते... चहा पिऊन होईल माझा तोवर.”

तो खळखळून हसायचा. पण ती जायला निघाली, की “ऐका ना...” म्हणून थांबायचा, आणि पुढे त्याच्या तोंडाला कुलूप. तिच्या जिभेला हाड नव्हतं, तरी नेमकी तीच एक गोष्ट तिलाही बोलता येत नव्हती. शनिवारी ती म्हणाली, “सातव्या वळणावर तुमची गाडी साबणावरून चालल्यासारखी जाते.” या वेळी तो हसला नाही. हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी ती त्याच्या गॅरेजात शिरली आणि दारातच थबकली. जुन्या गाडीला नवे, रुंद, चिकट टायर बसवलेले होते.

“काढा हे. आत्ताच्या आत्ता.”

“का? कालच तर तुम्ही—”

“टायर रस्ता सोडणार नाही. मग वळणावरचा सगळा जोर जाणार कुठे? चाकाच्या या बारीक तारांवर. जुनं चाक आहे ते, त्याला घसरण्याची सवय आहे. धरून ठेवलंत तर तुटेल. आणि तुम्ही—”

त्याने नव्या टायरवर हात ठेवला. “तुम्ही आज जाणार. एकदा तरी तुमच्यासारखं वळण घेऊन दाखवावं, असं वाटलं.”

तिने कपाळाला हात लावला. आपण थट्टेत बोललो आणि हा माणूस त्यापायी जीव धोक्यात घालायला निघाला! फेरीला पंचवीस मिनिटं उरली होती. तिने बाह्या सावरल्या, जॅक ओढला. तो तांब्याच्या हातोड्याने चाकामधले नट सोडवायला लागला. त्याचे बाबा दारात येऊन उभे राहिले. रुंद टायर बघून त्यांना सगळं उमगलं असावं.

“अरे, ही गाडी घसरते म्हणूनच वळते,” ते म्हणाले. “घसरली की पोटात धस्स होतं. तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा नाही, एवढंच काय ते शहाणपण.”

अरुंद टायरचं चौथं चाक परत बसलं तेव्हा दोन मिनिटं बाकी होती.

ती बाबांसोबत सातव्या वळणापाशी जाऊन उभी राहिली. गाडी गर्जत आली, तिरकी झाली, चारही चाकं घसरू लागली. तिने कठड्याला घट्ट धरलं. तो उलट्या बाजूला स्टिअरिंग फिरवत होता, पण इंजिनाचा आवाज जराही उतरला नाही. गाडी घसरत घसरत अगदी डौलात वळण पार करून गेली. तिचा जीव भांड्यात पडला. शेपटीला तिच्याच लोकरीचा एक लाल धागा चिकटवलेला होता, वेड्यासारखा नाचत होता.

फेरी संपली. ती आणि बाबा गॅरेजात परतले, तेव्हा तो धुराने काळवंडलेल्या चेहऱ्याने खाली उतरत होता. “काय म्हणाला धागा?”

“धाग्याचं राहू दे.” तिच्या पोटात धस्स झालं. तिने पाय काढला नाही. “मला तू आवडतोस. मोजलेलं नाही, दाखवायला आलेख नाही... पण आवडतोस.”

बाबा घाईघाईने चहाच्या शोधात निघून गेले.

“तीन दिवस मी हेच म्हणणार होतो,” तो म्हणाला. “पण दर वेळी पाय काढला.”

शर्यत झाली, ट्रक भरला. चढताना तिने लोकरीचा गुंडा त्याच्या तेलकट तळहातावर ठेवला. त्याने तिची बोटं सोडली नाहीत.

“पुढच्या शर्यतीला येऊ?”

“लांब आहे. आणि रस्ता नुसता वळणावळणाचा.”

“मग उशीर होईल,” तो म्हणाला. “पण चहा संपवू नकोस.”