खाली घेतलेला माणूस

सेनगावच्या रस्त्याला लागून असलेल्या वृद्धाश्रमात २००८ च्या दिवाळीनंतर बारा चटया आल्या. चटया कसल्या, करड्या रबराच्या जाड पट्ट्याच त्या. प्रत्येक खाटेच्या कडेला एक, आणि तिची वायर भिंतीवरून थेट ऑफिसातल्या बोर्डाला. म्हाताऱ्यानं खाटेवरून पाय टेकला की बोर्डावर त्याच्या नंबरचा दिवा लागायचा, आडवा पडला की घंटी वाजायची. अध्यक्षांच्या अमेरिकेतल्या जावयानं पाठवलेला माल. हार झाले, फोटो झाले, भाषणं झाली. म्हातारे पडायचे कमी झाले हे मात्र खरं, कारण दिवा लागला रे लागला की अनुसयाबाई धावत सुटायची.

धावणारच. सहा नंबरच्या खाटेवर तिचा बाप होता, पुसेगावचा संतराम. भाऊ देविदास पुण्याला. त्याच्या फ्लॅटात टीव्हीला जागा होती, बापाला नव्हती. अनुसयाबाईच्या सासरी सासू नको म्हणाली. मग तिनं इथंच आयाचं काम धरलं. बाप डोळ्यांसमोर जगावा, एवढंच तिचं मागणं.

घंटी पहिल्यांदा चुकली ती संक्रांतीच्या सुमारास, सकाळी दहाला. नंबर दोन. अनुसयाबाई पोचली तर सखुबाई खाटेवर मांडी घालून तीळ निवडत बसलेली. चटई मोकळी, आणि घंटी वाजतेच आहे. अनुसयाबाईनं चटईवरून हात फिरवला. मधोमध ती ऊबदार लागली, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपता आटोपता सखुबाई गेली.

महिन्याभरानं नंबर चार. ग्यानोबा खाटेवर बसून न्हाव्याकडून दाढी करून घेत होता. व्यवस्थापक शिवशंकरनं नांदेडहून मिस्त्री बोलावला. त्यानं वायरी उचकल्या, मशीन बराबर आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्यानोबा खाटेवरच गेला. वर्षभर तोंड न दाखवलेल्या त्याच्या पोरांनी त्या दिवशी आश्रम डोक्यावर घेतला. जीव जाताना माणसाला खाली जमिनीवर घेतात, तोंडात पाणी घालतात, एवढं बी तुमाला कळत न्हाई? आमचा बाप खाटंवर अधांतरी मेला! साहेब लोक ऑफिसात बसले आणि शिव्या खाल्ल्या अनुसयाबाईनं.

मार्चात सहा नंबरची घंटी वाजली.

दुपारचे तीन. लोडशेडिंग, पंखे बंद, बोर्ड बॅटरीवर. संतराम खाटेवर मांडी घालून पानाला चुना लावत होता. चटई मोकळी होती. तिनं हात लावला आणि तसाच मागं घेतला.

तिनं देविदासला फोन केला, आजच निघ म्हणाली. तो म्हणाला मार्च एंड आहे, आणि मशीनच्या नादी काय लागतीस.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर संतरामचं तोंड उघडं पडलं, घशात घरघर सुरू झाली. हाका मारल्या, ओ नाही. बाप अधांतरी जाऊ नये, बस्स. तिनं स्वयंपाकीण चतुराबाईला हाक मारली आणि दोघींनी त्याला खाली घेतलं. दोन खाटांच्या मधे जागा तेवढीच, चटईवरच. तोंडात पाणी घातलं, ओठांवर तुळशीचं पान ठेवलं. ऑफिसात घंटी वाजू लागली.

संतरामनं डोळे उघडले. ओठांवरचं पान काढून त्यानं निरखून पाहिलं.

"अनुसया, मला खाली घेतलं व्हय?"

"न्हाई बाबा. गार वाटावं म्हणून."

"तुळस ठिवून?"

झोप होती ती. डॉक्टर आले, बीपी चांगला निघाला, तिला खरमरीत बोलून गेले. ती बापाला उचलायला वाकली तर त्यानं तिचा हात बाजूला केला.

"खाली घेतलेल्याला वर घेत न्हाईत, बाई."

रागानं नाही, समजावल्यासारखं बोलला. त्याचा तो शांतपणाच तिला सोसवेना. मग तो तिथंच राहिला. चटईवरच जेवायचा, चटईवरच झोपायचा. घंटीला वैतागून शिवशंकरनं तिची वायर काढली. दिवा तेवढा जळत राहिला. चौथ्या दिवशी देविदास आला. बापाशी दोन शब्द बोलला नाही, बहिणीला मात्र म्हणाला, "जित्या माणसाला खाली घेतलं तू. मारूनच टाकलं." दुपारच्या गाडीनं परत गेला.

पाचव्या दिवशी सकाळी ती ऑफिस झाडत होती. सहाचा दिवा विझलेला.

उठला! तिच्या हातातला झाडू गळाला. बाप वर चढला, माफ केलं त्यानं! ती पळत गेली.

संतराम चटईवरच होता, कोपरावर रेललेला. "चहा आण," म्हणाला.

तिनं चहा आणला. बशी त्याच्या हातात देताना ती चटईवर गुडघा टेकून बसली.

"लागला गं दिवा," ऑफिसात चहा द्यायला गेलेली चतुराबाई तिथूनच ओरडली.

अनुसयाबाई उठली.

"विझला."

ती खाटेला धरून तशीच उभी राहिली. पुन्हा गुडघा टेकायचं तिला धाडस होईना.

"अनुसया, म्हातारा कुठं गेला?" चतुराबाईनं विचारलं. "सहावर तर कुनीच न्हाई."

संतराम बशीतल्या चहावर फुंकर घालत होता.