वीतभर उघडं दार

आमच्या घरात एक नियम होता. कोंबड्या आत गेल्या तरी खुराड्याचं दार लगेच लावायचं नाही. बाजूला सरायचं, रानाकडं बघून "ये बाय, ये" म्हणायचं, दहा श्वास थांबायचं आणि मगच खिटी घालायची. का, ते विचारायचं नाही.

लहानपणी मी एकदाच विचारलं होतं. आबांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता, तो त्या दिवशी उचलला.

दार लावायचं काम हरणाबाई आत्याचं. आबांची ही थोरली बहीण नवऱ्याचं घर सोडून माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर परत आली, तेव्हापासून तिनं एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. यंदा फाल्गुनात ती न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आल्यावर खाटेवर टेकायच्या आधी ती म्हणाली, "बाळासो, आता दार सोनम लावंल."

"व्हय," आबा म्हणाले. "घरातल्या बाईनंच लावायचं असतंय."

आई गेल्यापासून घरातली बाई म्हणजे आत्या आणि मी. मला कुणी विचारलं नाही. सांगलीच्या एका हॅचरीत, अंडी उबवून पिल्लं काढतात तिथं, मला नोकरी लागली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. रोज कडुसं पडताना, दिवस बुडायला, मी वस्तीवर हवी, म्हणजे मी सांगलीला जायचंच नाही. आत्या कधी बरी होणार हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

मी भांडले नाही. मी आपोआप लागणारं दार घ्यायचं ठरवलं.

चार दिवस, संध्याकाळी हाक मारून दार लावून झालं की, मोबाइलवर तेच बघत बसले. घड्याळावर चालणारं दार नको, कारण दिवस लहानमोठा होतो आणि घड्याळाला ते कळत नाही. दोरीनं वर-खाली होणारं नको, मुंगूस नाकानं उचलतं. शेवटी उजेड ओळखणारं घेतलं. खाचेतून सरकणारा जाड पत्रा, दात्यांची मोटर, सौर पट्टी आणि बॅटरी. उजेड गेला की पत्रा खाली, फटफटलं की वर. मधे कोंबडी आली तर पत्रा चेंगरत नाही, थांबतो, परत वर जातो, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. त्याची खबर मोबाइलवर येते. सांगलीहून येताना मांडीवर ठेवून आणलं. दुपारभर खपून जुन्या फळीच्या जागी बसवलं.

"ते थांबतंय का?" आत्यानं आतल्या, खिडकीजवळच्या खाटेवरून विचारलं.

"कशाला थांबायचं? कोंबड्यांना अंधार कळतो, त्या आपसूक आत जातात."

आत्या गोधडीचा काठ बोटांनी चुरत राहिली.

त्या संध्याकाळी चाळीसच्या चाळीस कोंबड्या आत जाऊन दांडीवर बसल्या. बाभळीमागचा तांबूस पट्टा विझला. मोटर घुमली, पत्रा सावकाश खाली आला. उंबऱ्यापासून वीतभर वर थांबला, आणि परत वर गेला.

मोबाइल वाजला. अडथळा.

मी वाकून पाहिलं. काही नव्हतं. पत्रा पुन्हा आला, तिथंच थांबला, वर गेला. तीनदा असं झालं. चौथ्यांदा तो मुकाट खाली बसला.

"आली का गं?" खाटेवरून हळूच आवाज आला.

"कोण?"

आत्यानं भिंतीकडं तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी मी खाचा ब्रशनं साफ केल्या. बॅटरी भरलेली होती. सेन्सरवर ना जाळं ना धूळ. अंगणातला दिवा सेन्सरला फसवत असेल म्हणून तोही बंद ठेवला. संध्याकाळी पुन्हा तेच. तीनदा अडथळा, मग दार बंद. तिसऱ्या दिवशी आत मोबाइल लावून व्हिडिओ काढला. पत्र्याखाली काहीच दिसत नव्हतं. पण दार लागायच्या आधी दांडीवरच्या कोंबड्या एकाएकी पलीकडं सरकल्या. एकमेकींच्या अंगावर चढल्या, खाली पडायला आल्या, तरी दाराजवळची हातभर दांडी त्यांनी मोकळी ठेवली. सकाळपर्यंत मोकळीच होती.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. राग आला. सगळ्या घराला काहीतरी ठाऊक होतं आणि मला सोडून सगळे त्याला सांभाळत होते.

चौथ्या संध्याकाळी मी मोबाइलवरून ती अडथळ्याची सोय बंद केली. आता काही मधे आलं तरी पत्रा खाली बसणार होता.

तो आला. वीतभरावर अडला. या वेळी परत गेला नाही, मोटर कण्हत राहिली. गरम तारेचा वास आला. मग पत्रा झटक्यात खाली बसला. आतल्या कोंबड्यांचा आवाज बंद झाला. कुरकुर नाही, फडफड नाही. माझ्या अंगावरून वारा गेल्यासारखं काहीतरी घराकडं गेलं. झाडाचं पान हललं नव्हतं.

मी घरात शिरून कडी लावली. आबा टीव्हीसमोर जेवत होते.

टक... टक...

दार वाजत होतं. मोठी माणसं वाजवतात तिथं नाही, खूप खाली. चार-पाच वर्षांच्या पोराचा हात पोचेल तिथं.

मी कडीकडं हात नेला. आबांनी माझ्याकडं न बघता रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्या क्षणी मला कळलं, की हा आवाज त्यांना नवा नव्हता.

सकाळी खुराड्याचं दार वेळेवर उघडलं. एकही कोंबडी बाहेर आली नाही. दाणे टाकले, पाणी ठेवलं, उचलून अंगणात सोडलं, तरी त्या पळत आत गेल्या. अडथळ्याची ती सोय मी परत चालू केली. त्याचा काही उपयोग झाला नाही. आता पत्रा कुठंच अडत नव्हता. कडुसं पडलं की घराचंच दार वाजायचं. दोन संध्याकाळी वाजलं. आत्या दोन्ही हातांनी खाटेची कड धरून पडायची, बोटं पांढरी पडेपर्यंत. मला काही करता येत नव्हतं. दाराशी कोण आहे हेच ठाऊक नसताना समजावणार कुणाला?

सातव्या दिवशी आबांनी कोंडीबा तात्यांना बोलावून घेतलं. तात्या म्हणजे सगळ्यांत थोरले भाऊ, पलीकडच्या वस्तीवर राहतात. ते येईतो मी ते नवं दार सोडवलं. खुराड्याला जुनी फळी बसवली, हाक न मारता खिटी घातली, आणि चौकटीसकट सगळं उचलून घरात आणलं. दोन्ही हात गुंतलेले, मागून तात्या काठी टेकत येत होते, म्हणून घराचं दार जरा वेळ उघडंच राहिलं.

चौकट मधे सतरंजीवर आडवी ठेवली. तारा सोडवल्या, बॅटरी काढून घेतली. आबांनी आत्याला भिंतीशी टेकवून बसवलं. दार वाजायची वेळ झाली, टळून गेली. वाजलं नाही.

तात्यांनी तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

"आमी ल्हान हुतो," ते म्हणाले. "आई-बा मेंढरं घेऊन खाली वाईच्या अंगाला गेल्याली. कुत्रीबी संगं गेली. एक कुत्रं ठेवाय पायजे हुतं, पर मेंढरामागं कमी पडत्याल म्हणून न्हेली सगळी. वस्तीवर आमीच. म्या पंधराचा, हरणी तेराची, बाळासो सा वर्साचा. आन्..."

"आन् धाकटी," आत्या म्हणाली. "एक कोंबडी आत जाईना, तिच्यामागं गेल्याली. तवर लांडगं आलं. अंगणात. तात्यानं दार लावलं, म्या आतनं दाराचा आडणा धरला."

"ती आली का?" मी विचारलं.

"आली." आत्याचा आवाज कोरडा होता. "खालनं वाजवत हुती. ताये, दार उघड म्हणत हुती. लय येळ... आमी न्हाई उघडलं."

"सकाळी उंबऱ्यावर कोंबडी बसल्याली," तात्या म्हणाले. "जित्ती. बाकी काय न्हवतं."

कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मग आबा बोलले, नेहमीच्या आवाजात, जणू पाण्याची पाळी सांगतात.

"तवापास्नं आमच्या आईनं हाक मारली, मागनं तुझ्या आत्यानं. आता तू. सांगलीला कळीव, येत न्हाई म्हणून. हाक मारून आत घेतली की ऱ्हाती गप."

"तुम्ही मारा."

"बाईचा आवाज लागतोय, पोरी," तात्या म्हणाले. "तिला ताईच पायजे."

"मी तिची ताई नाही." बॅटरी मी मुठीत आवळली. "मी आडणा धरला नव्हता. पन्नास वर्षं तुम्ही तिला कोंबड्यांच्यात निजवताय, आणि घराचं दार वाजलं की टीव्ही मोठा करताय. मी हाक मारणार नाही. आणि 'बाय' कुणाला म्हणता? बाय तर सगळ्याच असतात. तिला नाव असेल ना? नावानं बोलवा तिला. तुम्ही तिघं, घराचं दार उघडून. सांगा, काय नाव होतं तिचं?"

तात्यांनी आत्याकडं पाहिलं. आत्यानं आबांकडं. तिचे ओठ हलले, एकदा, दोनदा. तोंडाशी आलेला शब्द जिभेला सापडू नये तसे. मग तिचे डोळे भरले आणि ती माझ्याकडं नुसती बघत राहिली.

तेव्हा कळलं. त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही. त्यांना आठवत नव्हतं.

बॅटरी माझ्या मुठीत होती. मधे सतरंजीवर, सुट्या तारांच्या चौकटीत, पत्रा हळूहळू मिटत आला, वीतभर राहिला, थांबला, आणि परत उघडला.