एस्पोझितोचा कावळा

टेकाडावर कोणी नाव विचारलं तर खरं सांगायचं नाही, हे ठाकुर्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी तर चांगली ठाण्याच्या कॉन्व्हेंट शाळेत मराठी शिकवणारी बाई. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता... म्हणजे, घरात बसलेली असताना नव्हता.

ती सर्वपित्री अमावास्या होती. श्राद्धाला माक्याची पानं कमी पडली म्हणून मी परडी घेऊन खाडीकाठच्या टेकाडावर गेले. पॉवर हाऊसची घरघर साऱ्या गावाला दिवसरात्र ऐकू यायची. टेकाडावर चढलं की ती एकदम थांबायची. गवत हलत नव्हतं. वर एकच थडगं होतं. महायुद्धाच्या दिवसांत खाली लष्कराची छावणी होती, तिथे तापाने गेलेल्या एका इटालियन कैद्याचं. दगडावरचं पहिलं नाव झिजून गेलं होतं, आडनाव तेवढं उरलं होतं – एस्पोझितो. तो आपलं माणूस शोधतो, म्हणून नाव विचारतो, असं लोक म्हणत.

मी माका खुडायला वाकले, तोच मागून आवाज आला.

"नाव काय तुमचं?"

मी परडी छातीशी धरली.

"सु... सुमती," मी ठोकून दिलं.

"आणि तुमचं?" हे मी का विचारलं, देव जाणे!

"एस्पोझितो."

मी परडी टाकून जी पळाले, ती घराच्या पायरीवरच थांबले.

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या जिन्याशी एक उंच, सावळा तरुण माझी परडी धरून उभा होता. डोळ्यांत मिश्कील हसू.

"सुमतीबाई, ही तुमचीच ना?"

"मी उत्तरा आहे," मी फणकाऱ्याने म्हटलं. "आणि तुम्ही चांगले जिवंत दिसता!"

"तुम्ही खोटं सांगितलंत, मग मीपण सांगितलं. तिथे खरं सांगायचं नसतं... मी गोपीनाथ. पॉवर हाऊसला फिटर आहे."

"तिथे काय करत होतात?"

"पान ठेवायला गेलेलो. त्याला."

गोपीनाथची आई ठमाबाई, मिठागरात राबलेली आगरी बाई. तो परका कैदी गेला, त्या वर्षापासून दर सर्वपित्रीला ती त्याच्यासाठी भाताचं पान ठेवायची. गुडघे धरले तसं ते काम गोपीनाथकडे आलं. पण इतक्या वर्षांत त्या पानाला एकदाही कावळा शिवला नव्हता. गावातल्या कौलांवर कावळ्यांची झुंबड असायची आणि टेकाडावर एक पीस नाही.

"त्याचं कायतरी मनात रायलंय गो," ठमाबाईने मला नंतर सांगितलं. "पोरगा दरसाल इचारतो. दगडाला चुना लावीन बोलला, तुझे देशाला कागद धाडीन बोलला. कावला काय येत नाय."

मरणाऱ्याच्या मनातली इच्छा ओळखून तसा शब्द दिला की कावळा शिवतो, हे आमच्याही घरात होतं. आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे कावकाव करून थकले. मग अण्णा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "उत्तरेच्या मनाविरुद्ध काही करणार नाही." आणि कुठूनसा कावळा आला. अण्णा मोठे कर्मठ, पॉवर हाऊसचे हेडक्लार्क, पण तो शब्द त्यांनी कधी मोडला नाही. माझी नोकरी त्याच शब्दावर चालली होती.

वर्षभर गोपीनाथ मला जिन्याशी भेटत राहिला. कधी हातात सोनचाफ्याचं फूल, कधी नुसतंच "काय सुमतीबाई?" मी रागावायची आणि त्याने हाक मारली नाही, तर दिवसभर मुलांवर ओरडायची. एकदा फूल घेताना बोटाला बोट लागलं, तेव्हा तो पटकन मागे सरला.

"विटाळ झाला की काय?" मी हसले.

तो हसला नाही.

"उत्तरा, मी ठमाबाईच्या पोटचा नाय. मिठागराच्या बांधावर सापडलेलो, मिठाच्या टोपलीत. शाळेत भोईर लावलं ते तिचं, मला उसनं दिलेलं. उद्या कोणी कूळ विचारलं, तर काय सांगू?"

"कोण विचारणार आहे?"

"तुझे अण्णा."

म्हणजे मनात होतं तर! आनंदाने माझा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी मला रडू आलं. कारण तो मान खाली घालून म्हणाला, "म्हणून मी कधी मागणार नाय तुला."

पितृपक्ष लागला. दादरच्या कोण्या इंजिनियरकडची माणसं मला बघायला घटस्थापनेला येणार, असं अण्णांनी ठरवलं. मनात कोणी आहे का, असं त्यांनी मला विचारलंसुद्धा! ज्याला मागायचंच नव्हतं, त्याचं नाव मी कोणत्या तोंडाने घेणार होते?

शाळेत माझं लक्ष लागेना. आमच्या म्हाताऱ्या सिस्टर आन्येझे मूळच्या नेपल्सच्या. ठाण्यात त्यांनी केस पांढरे केले होते. सहज म्हणून मी त्यांना थडग्यावरच्या त्या आडनावाचा अर्थ विचारला.

"आमच्याकडे एका अनाथालयाच्या भिंतीत लाकडी चाक होतं, बाई. ज्या आईला बाळ ठेवता येत नसे, ती त्यात ठेवायची. चाक फिरवलं की बाळ आत, आई बाहेर. त्या मुलांना हे आडनाव देत. बाहेर ठेवलेला, टाकलेला... असा त्याचा अर्थ."

मला मिठाची टोपली आठवली.

"पुढे असं नाव द्यायला बंदी झाली. मुलं आयुष्यभर ओळखू यायची ना."

"मग नाव बुडालं?"

"बुडालं?" सिस्टर खुदकन हसल्या. "आज नेपल्समध्ये याच्याएवढं आडनाव दुसरं नाही! बाजारात हाक मारा, दहाजण वळतील. पाववाला एस्पोझितो, डॉक्टर एस्पोझितो. त्यांची लेकरं, नातवंडं. लाज कसली? कोणीतरी पहिला घर मांडून बसला, म्हणून तर नाव वाढलं."

सर्वपित्रीला मी घरातून निसटले. अण्णांनी श्राद्ध उरकलं होतं. टेकाडावर गोपीनाथ पानासमोर बसला होता. तीच शांतता, तेच न हलणारं गवत. पण यंदा थडग्यावर एक कावळा होता. मान वाकडी करून तो गोपीनाथकडेच बघत होता.

"कधीचा बसलाय," गोपीनाथ कुजबुजला. "खाली उतरत नाय."

मी त्याच्या शेजारी बसले आणि सिस्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो त्या दगडाकडे असा बघू लागला, जणू आज पहिल्यांदा बघतोय.

"म्हणजे हा पण... टोपलीतला?"

"तो, नाहीतर त्याचा कोणी पूर्वज. पण याला मांडता आलं नाही घर. तू मात्र आपणहून सोडतोयस."

"उत्तरा, मला भीती वाटते गं."

"मला नाही वाटत? उद्या ती माणसं येतायत! आणि ठमाबाईने दिलेलं नाव उसनं कसलं रे? दिलं ते तुझं. मला ते हवंय."

कावळा हलला नाही. उन्हातसुद्धा एक गार झुळूक माझ्या मानेला लागली. गवत मात्र तसंच उभं. गोपीनाथने हात जोडले.

"बाबा," तो दगडाला म्हणाला, "आजच जातो. उत्तरेला मागणी घालतो. टोपलीत सापडलेलो, हे पण सांगतो. लपवणार नाय."

पंखांची एक फडफड झाली. कावळा उतरला, भातात चोच घातली आणि एक घास घेऊन खाडीच्या दिशेने उडून गेला. आणि खालून पॉवर हाऊसची घरघर ऐकू आली.

आम्ही तसेच घरी गेलो. अण्णा झोपाळ्यावर होते. गोपीनाथ उभ्या उभ्या सगळं बोलला, टोपलीसकट, थडग्याला दिलेल्या शब्दासकट. अण्णांचा चेहरा लाल झाला. झोपाळा थांबला.

"उत्तरे, तुझ्या मनात आहे हे?"

"आहे, अण्णा."

त्यांनी आईच्या तसबिरीकडे पाहिलं. मग गोपीनाथला विचारलं, "शब्द दिलात तेव्हा कावळा शिवला?"

"शिवला."

"मग माझ्या हातात काय राहिलं?" अण्णा म्हणाले आणि पंच्याने डोळे पुसू लागले.

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. पुढच्या सर्वपित्रीला पान ठेवायला दोघं गेलो. गोपीनाथ भात वाढत होता. मी माका खुडायला वाकले आणि अगदी कानाशी, मागून, हळूच कोणीतरी विचारलं, "नाव काय तुमचं?"

मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. गोपीनाथ पलीकडे, दगडापाशी होता. तोही ऐकत होता.

मी पदर सावरला.

"उत्तरा गोपीनाथ भोईर," मी सांगितलं.