मागे वळलेली मान

पनवेलच्या एसटी स्टँडामागे कमळाकरचं भरतकामाचं दुकान होतं. वीस वर्षं तो विचुंब्याच्या घरून रोज तिथे येत होता. शाळांचे बिल्ले आणि बँडवाल्यांचे कोट भरून भरून त्याची पाठ आणि डोळे दोन्ही कामातून गेले होते. २०११च्या डिसेंबरात त्याच्यापुढे 'घार पथका'चे बारा बिल्ले येऊन पडले.

पथक म्हणजे सगळी हौशी मंडळी. समुद्रात होडी हरवली की आपली छोटी विमानं काढून वरून शोधायची, कुणाकडून पै घ्यायची नाहीत. कमळाकरचा मुलगा परेश त्यातलाच. बिल्ल्यावर उडती घार होती, मान मागे वळवलेली. "किती पण लांब जा बाबा, नजर घराकडं पायजे," असा अर्थ परेशनेच त्याला सांगितला होता.

एका दुपारी त्याने बारावा बिल्ला रिंगमधून काढला. खाली परेशचं नाव होतं आणि घारीची मान सरळ पुढे होती.

त्याने खाका, नक्षी उतरवायचा कागद, पाहिला. कागद उलटा पडला असता तर घार दुसऱ्या बाजूला उडाली असती, मान मागेच राहिली असती. त्याच खाक्यावर अकरा घारी नीट उतरल्या होत्या. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून त्याने उसवलं आणि पुन्हा भरलं.

मान पुढेच.

दोन वर्षांपूर्वी पथकातल्याच विनायकचा बिल्ला असाच झाला होता. तो फाडून त्याने नवा भरला, तोही तसाच. विनायक हसला होता, "ऱ्हाऊ द्या काका, आमची घार जरा धीट हाय." विनायकचं विमान अजून सापडलेलं नव्हतं. कमळाकर हे कुणाला बोलला नव्हता आणि तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

त्याने फोन लावला. "परेश, आज नको जाऊस."

"बाबा, उरणची होडी हाय. तीन माणसं हायेत. निघालो मी."

फोन बंद झाला.

कमळाकरने त्या बिल्ल्यावरचं फक्त नाव उसवलं आणि त्या जागी स्वतःचं भरलं. नव्या कापडावर परेशचा बिल्ला घेतला.

घारीची मान मागे वळली. त्याला रडू आलं.

पाचला फोन आला. "बाबा, तिघं पण सापडली. आमी उतरलो. आई वाट बघते, तुमी निघा घरी."

त्याने आपला बिल्ला खिशात टाकला, शटर ओढलं. उन्हं अजून होती. स्टँड, फळवाले, रसवंती, सगळं ओळखीचं होतं. तो रिक्षात बसला.

"कुठं जायचं, काका?"

त्याने घर कुठे ते आठवून पाहिलं. आठवेना.

"सरळ चला," तो म्हणाला.