ऐकणाऱ्याने वर बघायचं

सलूनच्या खुर्चीत तो पुरता अडकला होता. गालांवर फेस, गळ्याभोवती कापड, आणि समोर स्टुलावर बसून कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवणारी तिसरीतली चिमणी.

तिच्या वर्गाच्या बाई फेरी मारता मारता दारात थबकल्या.

“ही गोष्ट आहे की शिक्षा?” त्याने फेसातूनच विचारलं.

“ज्याचं त्याने ठरवावं,” बाई म्हणाल्या. “या पोरांचे आईबाप अंधार पडल्यावर कामावरून येतात. मग ऐकणार कोण? म्हणून ज्याला उठून पळता येत नाही, त्याला गाठायचं. शिंप्याकडचं गिऱ्हाईक, नळावरची रांग...”

“आणि मी डोळे मिटले तर?”

“ती थांबेल. ऐकणाऱ्याने वर बघितल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. नियम आहे आमचा.”

तो हसला. फेसाखाली खळी असावी, असा बाईंना उगाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळी खरी निघाली. पण ती घेऊन तो शिक्षण कार्यालयातून शाळेच्या तपासणीला आला होता. गेल्या वर्षी या पत्र्याच्या शाळेत तिसरीतल्या निम्म्या मुलांना धड वाक्य वाचता येत नव्हतं. यंदा जवळजवळ सगळी वाचत होती. एवढी झेप कार्यालयाच्या गळी उतरेना. ती खोटी ठरली तर निकाल रद्द, आणि पोरांच्या कपाळी कॉपीचा शिक्का.

“काल बोलला नाहीत,” बाई पुटपुटल्या.

“काल तोंडावर वस्तरा होता.”

त्याने चिमणीपुढे नवाकोरा उतारा ठेवला आणि पेन्सिल घेऊन कागदावर मान घातली. चिमणी गप्प. तिच्यामागचा मुलगाही गप्प. त्याच्यानंतरची मुलगीसुद्धा. कागदावर वाकलेल्या त्याच्या कपाळावर आठी चढली. बाईंनी त्याच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं – आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं.

“सर, वर बघा ना.”

“मग नोंद कोण करणार?”

“ती नंतर. आधी... काल बघत होतात तसं बघा.”

त्याने मान वर केली. चिमणीने श्वास घेतला आणि सुटलीच. एका जोडाक्षराला अडखळली, मागे आली, स्वतःच सुधारून पुढे गेली. गमतीच्या जागी थांबून, सर हसले की नाही तेही तिने तपासलं. ते हसले होते. मग एकेक करून सगळा वर्ग वाचत गेला.

दुपारी त्याने अहवालात लिहिलं: निकाल खरा. खाली सही ठोकली.

शाळा सुटली. बाई पुस्तकांची चळत लावत होत्या.

“पुष्कळ शाळा बघितल्या मी,” तो दारातून म्हणाला. “पण सबंध वस्तीला ऐकायला बसवणारं माणूस... मला तुम्हाला –”

पुढे काहीच नाही.

“मला काय?” बाईंनी चळतीकडे बघतच विचारलं.

“नियम तुमचाच आहे.”

पुस्तकं हातातच राहिली. बाईंनी वर बघितलं.

“उद्या दाढी करायची नाहीये,” तो म्हणाला. “तरी संध्याकाळी सलूनमध्ये येऊ? चिमणीचं ऐकेन. आणि नंतर...”

लाजेने मान खाली जात होती. बाईंनी ती निग्रहाने वरच ठेवली. त्याचं वाक्य अजून संपायचं होतं.